रेमिंग्टन ८७०: बार सुटतो, पण मूठ मागे येत नाही

रेमिंग्टन ८७० ही नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायची छऱ्यांची बंदूक. तिचे एक नेहमीचे दुखणे असे: बार व्यवस्थित सुटतो, समोरची थाळी फुटते, पण नळीखालची पुढची मूठ मागे ओढायला जावे तर ती जागची हलत नाही. जोर केला की अर्धा इंच येते आणि पुन्हा अडते. शेवटी बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला जातो, मूठ खाडकन मागे येते आणि झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते. ती उचलून पाहिली तर धातूच्या बुडावर उभे ओरखडे दिसतात, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या, आकडीने जिथे धरले होते तिथली कड वाकलेली किंवा कुरतडलेली असते. पहिल्या दहा-पंधरा बारांत असे काही होत नाही. नळी हाताला चटका देण्याइतकी तापली की दुखणे सुरू होते. घरी आणून रिकामी चालवून पाहिली तर मूठ विनातक्रार मागेपुढे फिरते, मालकाला वाटते की जे काही होते ते गेले, आणि पुढच्या रविवारी पंचविसांच्या फेरीत अठराव्या बाराला पुन्हा तेच.

अमेरिकेतल्या मिनेसोटात आमच्या ट्रॅप क्लबात, म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्यांवर नेम धरणाऱ्यांच्या क्लबात, नवशिक्यांना वापरायला देण्याच्या बंदुकांची देखभाल गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. त्यांतल्या बहुतेक ८७० आहेत आणि सभासदांच्या स्वतःच्या येतात त्या वेगळ्या. हे एकच दुखणे मी इतक्या वेळा काढले आहे की आता पुंगळीचे बूड पाहूनच अंदाज येतो. मात्र मी व्यवसायाने गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, नाही, आणि माझे काम कुठे संपते तेही खाली लिहिले आहे.

यासारखी दिसणारी दुसरी दुखणी

पुढे जाण्यापूर्वी आपले दुखणे नेमके हेच आहे ना, याची खात्री करावी. चाप ओढलेलाच नसताना मूठ अडकली असेल तर तो दोष नव्हे. ८७० मध्ये घोडा पडल्याशिवाय मूठ मागे येऊ नये अशी रचनाच आहे. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता ठोकळा, मोकळा करायचा तर चापाच्या कडीपुढे डाव्या बाजूला असलेले छोटे बटण दाबावे लागते. हे बटण दाबताना मूठ आधीच मागे ताणून धरली असेल तर आतला अडसर ताणाखाली चिकटून राहतो आणि बटण काम करत नाही. मूठ किंचित पुढे रेटावी, मग बटण दाबावे, मग मागे ओढावी. नवीन माणसाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पुंगळी चेंबरातून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतून, निघते, पण बाहेर न उडता आतच आडवी पडते, असे होत असेल तर बहुधा मूठ शेवटपर्यंत मागे ओढली जात नाही. हा हाताचा दोष आहे आणि लहान हातांच्या मुलांत तो फार दिसतो. भरलेले काडतूस बोल्टखाली सरकून सगळे यंत्र जाम होणे हे तिसरे दुखणे. जुन्या ८७० मध्ये असे झाले की मूठ अजिबात हलत नसे. १९८० च्या दशकात काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीला मधोमध लवचीक जीभ कापून कंपनीने त्यावर उपाय केला. या तिन्हींचा चेंबरशी संबंध नाही, म्हणून ती इथे सोडून देतो.

नावलौकिकाचा तोटा

ही बंदूक १९५० मध्ये बाजारात आली. तिच्या आधीची मॉडेल ३१ चालायला अतिशय मऊ होती, पण बनवायला महाग. त्यामुळे ८७० ची आखणी करताना भाग सोपे आणि एकमेकांच्या जागी बसतील असे ठेवले गेले. रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि यंत्र सामावणारे मधले घर, मात्र पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला, मुठीला एकाऐवजी दोन पट्ट्या, म्हणून ओढताना ती तिरकी होत नाही. १९७३ पर्यंत वीस लाख, १९९६ पर्यंत सत्तर लाख आणि एप्रिल २००९ मध्ये एक कोटीवी बंदूक तयार झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद पडला, पण घरोघरी इतक्या ८७० पडून आहेत की सुट्या भागांची चणचण निदान माझ्या हयातीत तरी भासणार नाही.

या आकड्यांमुळे एक समजूत पक्की झाली: ८७० ला काही होत नाही. चिखलात पडली, पावसात भिजली, वर्षभर तळघरात उभी राहिली तरी बार सुटतोच. समजूत बऱ्याच अंशी खरी आहे, आणि म्हणूनच घातक आहे. ज्या यंत्राला काही होत नाही त्याला कोणी पुसत नाही; पुसले तर जे बाहेरून दिसते तेवढेच पुसले जाते. १९८७ साली आलेल्या ‘एक्स्प्रेस’ या स्वस्त प्रकाराविषयी चेंबर खडबडीत असल्याची कुरकुर नेमबाजांत वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि पुंगळी अडकली की लोक लगेच तिकडे बोट दाखवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या बंदुकांत मात्र बहुतेक वेळा निघाला तो मळ, आणि तो ८७० च्याच ‘विंगमास्टर’सारख्या गुळगुळीत घडणीच्या बंदुकांतही निघाला. घडणीला बोल लावण्याआधी तो काढून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हात लावण्याआधी

खालची प्रत्येक तपासणी रिकाम्या बंदुकीवरच करायची आहे. मूठ मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे, मग त्यात करंगळी घालून पाहावी, मग मॅगझिनच्या, म्हणजे पुढची काडतुसे भरून ठेवायच्या, नळीच्या तोंडात बोट घालून तिथे काडतूस उरले नाही याची खात्री करावी. हे सगळे झाल्यावर काडतुसांची पेटी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावी. ही अतिदक्षता वाटेल. पण मेजावर काडतुसे आणि बंदूक एकत्र असताना दुरुस्ती करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

मैदानावर पुंगळी अडकली तर आधी ती खरोखर पुंगळीच आहे का ते ठरवावे. चाप ओढला आणि आवाजच झाला नाही, तर नळीचे तोंड समोर मैदानाकडेच धरून किमान तीस सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेट घेण्याची शक्यता असते. आवाज झाला पण फुसका झाला, धक्का नेहमीसारखा बसला नाही, तर काडतुसातले बूच नळीतच अडकलेले असू शकते. अशा नळीतून पुढचा बार झाडला तर ती फाटते. त्या दिवशी नेमबाजी तिथेच थांबवावी आणि नळी काढून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद; म्हणून १२ बोअरच्या नळीत २० बोअरचे काडतूस चुकून गेले तर ते चेंबर ओलांडून पुढे सरकते आणि तिथेच रुतते. वर १२ बोअरचे दुसरे काडतूस सहज बसते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्यामागे हेच कारण आहे. घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर जाकिटाच्या खिशात दोन्ही काडतुसे एकत्र कधीही ठेवू नयेत.

बार नीट सुटला होता याची पक्की खात्री असेल, तर नळीचे तोंड मैदानाकडे ठेवूनच मूठ दोन वेळा जोराने मागे ओढून पाहावी. दस्ता जमिनीवर आपटू नये. आपटताना नळीचे तोंड बहुधा चेहऱ्याच्या बाजूला येते, दस्त्याच्या टाचेची ढलपी उडते, आणि कडेवरचा जो ताण आकडीने सोसायचा तो एका झटक्यात येऊन आकडीच तुटते. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर मैदानावरच्या अधिकाऱ्याला बोलवावे.

फुकटात होणारी तपासणी: मॅगझिनचे टोपण

नळीखाली मॅगझिनच्या टोकाला असलेले टोपण हाताने घट्ट आहे का ते आधी पाहावे. ८७० ची नळी याच टोपणाने जागेवर धरलेली असते. पंचवीस बारांच्या धक्क्यांनी ते अर्धा-एक फेरा सैल होते, नळी केसभर पुढे सरकते, आणि बोल्टमधला जो अडसर नळीच्या मागच्या खाचेत बसतो तो सुटताना घासू लागतो. मूठ जड होण्याचे हे सर्वांत क्षुल्लक कारण आहे. टोपण हाताने आवळले की पुरे. त्याला पान्हा लावू नये.

पाच मिनिटांची तपासणी: लोहचुंबक

फ्रिजच्या दारावर चिकटवायचे लोहचुंबक घ्यावे आणि अडकलेल्या पुंगळीच्या सोनेरी बुडाला लावावे. ते चिकटले तर बूड पितळेचे नाही. पोलादावर पितळेचा मुलामा आहे. स्वस्त पेट्यांतली बरीच काडतुसे अशी असतात, आणि दिसायला त्यांत काहीच फरक नसतो.

याचे महत्त्व असे. बार सुटतो तेव्हा १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात दर चौरस इंचाला ११,५०० पौंडांपर्यंत दाब येऊ शकतो. त्या दाबाने बूड फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरल्यावर ते पुन्हा आकसायला हवे. पितळ चांगले आकसते. मऊ पोलाद तितके आकसत नाही. स्वच्छ, गुळगुळीत चेंबरात हा फरक जाणवतही नाही, पण भिंतीवर मळाचा थर असेल तर तेवढेच निमित्त पुरते. म्हणून खऱ्या पितळी बुडाच्या काडतुसांची एक पेटी आणून, नळी तापेपर्यंत सलग दोन फेऱ्या झाडून पाहाव्यात. दुखणे गेले तर दोन गोष्टी कळतात: बंदूक मोडलेली नाही, आणि चेंबर साफ करायला हवे. इथेच थांबून महाग काडतुसे वापरत राहणे हा ताप उतरवण्याच्या गोळ्या खात राहण्याचा प्रकार आहे.

याच वेळी नळीच्या डाव्या बाजूला कोरलेली चेंबरची लांबी वाचावी. पावणेतीन इंची चेंबरात तीन इंची काडतूस घालू नये. ते बसते, आणि तिथेच माणूस फसतो. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते झाडून तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. न झाडलेले तीन इंची काडतूस त्याहून आखूड असल्याने आखूड चेंबरात सहज मावते, पण घडी उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब धोकादायक वाढतो. पुंगळीचे तोंड फाटलेले किंवा चिंध्या झालेले दिसले तर आधी हे तपासावे. घरी पुन्हा भरलेली काडतुसे वापरत असाल तर चाचणीपुरती ती बाजूला ठेवावीत, कारण बूड मूळ मापावर नीट दाबून आणलेले नसेल तर बंदुकीचा काही इलाज चालत नाही.

मुख्य काम: चेंबर

गेल्या वर्षी आमच्याकडे मूळचे नाशिकचे एक निवृत्त गृहस्थ जुनी विंगमास्टर घेऊन आले. बंदूक सुरेख होती, निळी झाक अजून शाबूत, लाकडावर ओरखडा नाही. ‘दर रविवारी घरी गेल्यावर नळी आरशासारखी करतो मी,’ ते म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच बघा.’ मी पाहिले. नळी खरोखर आरशासारखी होती. मग मी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो चेंबरच्या भिंतीवरून फिरवला, तेव्हा तो तीन ठिकाणी अडला आणि बाहेर आला तो काळपट हिरवा होऊन. त्यांची काडतुसे हिरव्या रंगाची होती.

घोळ असा आहे की १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो, आणि चेंबरचा २० मिलिमीटरहून थोडा जास्त. १२ बोअरचा ब्रश नळीत घट्ट बसतो, पण चेंबरातून जाताना तो भिंतीला धड टेकतही नाही. माणूस वर्षानुवर्षे इमानेइतबारे गज मारत राहतो, नळी चकाकते, आणि जिथे पुंगळी बसते ती तीन इंचांची जागा तशीच राहते. १९६० मध्ये प्लास्टिकची काडतुसे आली, त्याआधी ती पुठ्ठ्याची असत. प्लास्टिक ओलाव्याने फुगत नाही हा मोठा फायदा, पण तापलेल्या चेंबरात त्याचा अतिशय पातळ थर भिंतीला पुसला जातो, त्यावर दारूची काजळी बसते, त्यावर जास्तीचे तेल, आणि मग हा लेप भाजून घट्ट होतो. थंड असताना तो गुळगुळीत वाटतो. तापला की पुन्हा चिकट होतो. दुखणे दहा-पंधरा बारांनंतरच का सुरू होते याचे उत्तर हे आहे.

साफ करण्यासाठी खास चेंबरचा ब्रश मिळतो. तो नसेल तर १० बोअरचा ब्राँझचा ब्रश आणावा. १० बोअरची नळी १९.७ मिलिमीटरची असल्याने त्याचे केस १२ बोअरच्या चेंबरात नीट रुततात. मूठ अर्धी मागे ओढून, टोपण काढून नळी उतरवावी. नळी एकटी हातात आली की काम सोपे होते आणि सुटलेला मळ यंत्रात पडत नाही. चेंबरात साफसफाईचा द्रव टाकून पंधरा मिनिटे थांबावे. मग ब्रश गजाच्या एका तुकड्यावर बसवून मागच्या बाजूने आत घालावा आणि हाताने वीस-पंचवीस फेरे द्यावेत. गजावर तीन इंचांच्या खुणेला रंगीत चिकटपट्टी लावावी, म्हणजे ब्रश चेंबर सोडून पुढे जात नाही.

हाताने भागले नाही तर तोच तुकडा बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलमध्ये धरावा, ब्रशभोवती चार शून्यांची, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल गुंडाळावी, तिला तेलात भिजवावे आणि अगदी संथ वेगाने अर्धा मिनिट मागेपुढे फिरवावे. पुसावे, पाहावे, पुन्हा करावे. नाशिकच्या गृहस्थांच्या बंदुकीला चार वेळा करावे लागले. तिसऱ्या वेळी फडक्यावर नखाएवढा हिरवा पापुद्रा आला आणि तो पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सँडपेपर, पॉलिशची पेस्ट किंवा खरखरीत स्टील वूल इथे वापरू नये. आपल्याला मळ काढायचा आहे, धातू नव्हे. एकदा चेंबर मोठे झाले की ते परत लहान होत नाही.

काम झाले की नाही ते पाहण्यासाठी पुन्हा कापूस फिरवावा, तो कुठेही अडू नये. मग त्याच बंदुकीतून झाडलेली, न वाकलेली एक पुंगळी बोटाने चेंबरात सोडावी. ती स्वतःच्या वजनाने जाऊन बसली पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर हलक्या टिचकीसरशी बाहेर पडली पाहिजे. शेवटचे फडके कोरडे असावे. चेंबरात तेलाचा थर ठेवून बार झाडू नये, कारण पुंगळी भिंतीला धरून राहिली नाही तर मागचा सगळा रेटा बोल्टवर येतो, शिवाय तेच तेल पुन्हा भाजून लेप तयार होतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. काजळीत शिसे असते.

कापूस स्वच्छ निघतो पण तरीही अडतो, आणि टॉर्चच्या उजेडात चेंबरात तांबूस ठिपके किंवा बारीक खड्डे दिसतात, तर तो गंज आहे. मिनेसोटात जानेवारीत बंदूक रात्रभर गाडीत राहते आणि सकाळी उबदार घरात येते; दोन मिनिटांत तिच्यावर बाहेरून दव धरते, तसेच आतूनही. अशी बंदूक पिशवीतून काढून मोकळी ठेवावी, तासाभराने पुसावी आणि मगच तेलाचा हात द्यावा. कोकणात माझ्या मामांकडे परवान्याची दुनळी होती. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती ठाण्यात जमा करायची तर ते तिला कातड्याच्या म्यानात घालून, वर दोरी बांधून देत, कारण त्यांना ते नीटनेटके वाटे. पावसाळ्याच्या दमट हवेत ते कातडे स्पंजासारखे ओले राही आणि बंदूक परत येई ती चेंबरपासून गंजलेली. कापडी असो की कातडी, बंद म्यानात बंदूक साठवू नये. गंजाचा वरवरचा डाग तेलातल्या स्टील वूलने जातो. खड्डा जात नाही.

आकडी आणि तिच्याखालचा कचरा

चेंबर स्वच्छ आहे, तरी मूठ पूर्ण मागे येते आणि पुंगळी चेंबरातच राहते, असे असेल तर आकडीकडे वळावे. बोल्टच्या तोंडाशी उजव्या बाजूला ती दिसते. लाकडी काडीने तिला बाहेर ढकलावे. सोडताच ती टचकन जागेवर आली पाहिजे. सावकाश आली तर तिच्याखाली काजळी आणि सुकलेले तेल साचले आहे. दात कोरायच्या काडीने आणि द्रवाच्या दोन थेंबांनी ते निघते. मग पुंगळीची कड आकडीखाली सरकवून सोडून द्यावी. पुंगळी लोंबकळत का होईना, धरलेली राहिली पाहिजे. भिंगाने आकडीचे टोक पाहावे. ते धारदार आणि चौकोनी असायला हवे. टवका उडालेला असेल तर आकडी बदलावी लागते. जुन्या बंदुकांत ती पोलादातून कोरलेली असते, नंतरच्या बऱ्याचशांत धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेली; बदलायचीच असेल तर मी कोरलेली मागवतो.

आकडी बदलण्यासाठी बोल्ट बाहेर काढावा लागतो. चापाचा संच दोन पिना काढून उतरवायचा, मूठ पुढे नेताना रिसीव्हरमधली, काडतूस अडवून धरणारी डावी खिटी दाबायची, म्हणजे मूठ आणि बोल्ट दोन्ही पुढून निघतात. परत बसवताना आधी उजवी खिटी आणि मग डावी दाबावी लागते. आकडीमागे छोटी स्प्रिंग आणि तिचा दट्ट्या असतो. हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करावे. पहिल्यांदा मी तसे केले नाही, आणि ती स्प्रिंग आजही आमच्या गॅरेजमध्ये कुठेतरी आहे. चापाचा संच बाहेर आला आहे म्हणून तो उघडू नये. द्रवाने धुवावा, वाळवावा, तेलाचा एक थेंब द्यावा आणि बाजूला ठेवावा.

बोल्ट बाहेर असताना मुठीच्या दोन्ही पट्ट्या समांतर आहेत का, आणि मुठीखाली झाकला जाणारा मॅगझिनच्या नळीचा भाग गंजला किंवा चेपला आहे का, तेही पाहून घ्यावे. तिथे हात कधी जात नाही. मुठीला घाम लागतो, तो आत झिरपतो. बारीक स्टील वूल आणि तेल पुरते.

इथे थांबावे

भरलेले काडतूस चेंबरात अडकले असेल तर घरी काहीही करू नये. पुढून गज घालून ठोकू नये. तसे करताना आपला हात आणि बहुधा डोके नळीच्या तोंडासमोर असते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मैदानावरच्या जाणत्या माणसाला बोलवावे आणि त्याला जमले नाही तर गनस्मिथला.

रिसीव्हरच्या आत डाव्या भिंतीवर पुंगळी बाहेर उडवणारा इजेक्टर रिव्हेटने बसवलेला असतो. तो तुटला तर रिव्हेट बदलून, बाहेरून घासून सपाट करून पुन्हा रंग चढवावा लागतो. हे घरचे काम नव्हे. दोन्ही बाजूंच्या खिट्या रिसीव्हरमध्ये ठोकून पक्क्या केलेल्या असतात, त्या सैल झाल्या तरी तेच. चेंबरात यंत्राच्या कातकामाच्या वर्तुळाकार खुणा नखाला लागत असतील किंवा गंजाचे खड्डे असतील, तर ते गनस्मिथने मापाच्या हत्याराने होन करून, म्हणजे आतून समान घासून, काढायचे असते. नळी उजेडाकडे धरून आतून पाहताना कुठे काळे कडे दिसले, तर नळी तिथे फुगली आहे. तिच्यातून पुन्हा बार झाडू नये, आणि तिची दुरुस्ती होत नाही, नळी बदलावी लागते. पुंगळीच्या मागची, दारू पेटवणारी टिकली फुटलेली किंवा बाहेर उचलली गेलेली दिसली तर बोल्ट आणि चेंबरमधले अंतर मोजून घ्यावे लागते, आणि त्याची मापे गनस्मिथकडेच असतात.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी थांबण्याची रेषा यापेक्षा बरीच अलीकडे ओढावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करायलाही वेगळा परवाना लागतो. परवानाधारकाने स्वतःच्या बंदुकीचे चेंबर ब्रशने पुसणे ही साफसफाई झाली. आकडी बदलण्यापासून पुढचे सगळे परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावे आणि त्याची पावती जपून ठेवावी.

गनस्मिथकडे जाताना बंदूक घासूनपुसून नेऊ नये. अडकलेल्या पुंगळ्यांपैकी तीन आणि न अडकता निघालेल्या दोन अशा पाच पुंगळ्या पिशवीत घालून न्याव्यात, प्रत्येकीवर ती कितव्या बाराची होती ते मार्करने लिहावे, आणि त्याच पेटीतली दोन न झाडलेली काडतुसे वेगळ्या डबीत, आधी फोनवर विचारून, न्यावीत. आकडीच्या खुणेपासून मोजता त्या पाच बुडांवरचे ओरखडे एकाच जागी आहेत की फिरते आहेत, हे तो सर्वांत आधी पाहतो: एकाच जागी असतील तर दोष चेंबरच्या भिंतीत, फिरते असतील तर काडतुसांत.